शर्यतीनंतरचा सोमवार

सिमेंटच्या रस्त्यावर पांढऱ्या रंगानं काढलेला बाण आणि त्याच्या बाजूला '6 कि.मी.'. रविवारी सकाळी या बाणावरून माणसांचा लोंढा गेला. सोमवारी पहाटे पावणेसहाला मी रोजच्यासारखी तिथं पोचले, तर बाणाचं नुसतं टोक दिसत होतं. उरलेल्या बाणावर कुणाची तरी मोठी पांढरी गाडी उभी, काचांवर दव. गाडीच्या डावीकडे फुटपाथ आहे, म्हणजे नकाशात असावा. प्रत्यक्षात तिथं झाडाला साखळीनं बांधलेली रसवंती, पुढे एका जनरेटरचा पिंजरा, आणि त्याच्या पुढे फरशाच नाहीत. मी गाडीला वळसा घालून रस्त्यावर उतरले आणि मागून दुधाच्या टेम्पोनं असा हॉर्न हाणला की मी जागच्या जागी उडाले. चोवीस तासांपूर्वी याच जागी एका हवालदारानं हात आडवा करून चार मोटारी थांबवल्या होत्या आणि मला म्हणाला होता, "चला मॅडम, चला. घाई नाही."

बाई तीच, बूट तेच, रस्ता तोच. रविवारी तेवढं छातीवर बिब होतं, म्हणजे शर्यतीचा नंबर छापलेला कागद.

नागपुरात थंडी पडली की रस्त्यावरच्या शर्यतींचा हंगाम सुरू होतो. संत्री आणि शर्यती बरोबरच बाजारात येतात म्हणा ना. सगळ्यांनाच मॅरेथॉन म्हणायची पद्धत पडली आहे, मग ती तीन किलोमीटरची का असेना. खरी मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची, हा विचित्र आकडा 1908 च्या लंडन ऑलिंपिकमधून आला आणि 1921 साली कायम झाला. पण शब्दावरून भांडायला मी मराठीची बाई नाही. मी शाळेत गणित शिकवते, वय एक्कावन्न, आणि गेली चार वर्षं दहा किलोमीटरच्या शर्यतींत पळते. पळते हा शब्द थोडा उदार आहे. वर्ध्याकडच्या माझ्या सासूबाईंनी पहिल्याच वर्षी विचारलं होतं, "पैसे देऊन पयाले जातं काय वं कोनी?" तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. आता वाटतं, त्या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला हवं होतं, कारण पैसे मी नेमके कशाचे देते हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

टी-शर्टचे नाहीत, घरात तसले नऊ आहेत, त्यातले दोन फरशी पुसायला लागलेत. मेडलचेही नाहीत, जरी मेडल मला आवडतं आणि ते मी देवघराच्या खिळ्याला टांगते हे इथं कबूल करून टाकते. मी पैसे देते ते तीन तास मागे वळून न बघता रस्त्यावरून जाता यावं म्हणून. पहाटे एकटी पळणारी कुठलीही बाई सांगेल: एक कान मोकळा ठेवायचा, मागून येणारी दुचाकी हळू झाली की आपण वेग वाढवायचा, कुत्र्यांच्या टोळीसाठी खिशात दोन खडे ठेवायचे, अंधाऱ्या पट्ट्यात उगाच फोनवर बोलतोय असं दाखवायचं. शर्यतीच्या दिवशी यातलं काहीच करावं लागत नाही. जानेवारीत नागपुरात सूर्य उगवायला जवळपास सात वाजतात, आणि सहाला शर्यत सुटते तेव्हा मिट्ट काळोख असतो, तरी भीती नावाला नसते.

एवढी मोठी गोष्ट विकली जाते आहे. आणि विकणाऱ्याची ती नाहीच. रस्ता आयोजकाचा नाही, प्रायोजकाचा नाही, तो गावाचा आहे. वाहतूक पोलीस मोटार वाहन कायद्याच्या कलम 115 चा आधार घेऊन वाहनं वळवतात, महापालिका परवानगी देते, सफाई कामगार आदल्या रात्री झाडून ठेवतात, आणि हे सगळं होतं ते 'नागरिकांच्या आरोग्यासाठी' असं फलकावर लिहून. मग या परवानगीचा हिशेब नागरिकांनी मागायला नको का? माझ्या मते तो दोनच ठिकाणी तपासावा. रविवारी सगळ्यात शेवटी येणाऱ्या माणसाशी शर्यत कशी वागते, आणि सोमवारी तोच रस्ता पायी जाणाऱ्याशी कसा वागतो.

आधी शेवटच्या माणसाचं सांगते, कारण त्या रविवारी तो माणूस जवळजवळ मीच होते.

शर्यत कुठली आणि सुटली कुठून ते लिहीत नाही. पत्रकात दहा किलोमीटरसाठी एक तास पंचेचाळीस मिनिटांची मुदत छापली होती. माझा हिशेब किलोमीटरला दहा मिनिटांचा, म्हणजे पाच मिनिटं हाताशी राहत होती. फुटाळ्याकडून सेमिनरी हिल्सकडे चढणारा रस्ता आला तसे पुढचे लोक दिसेनासे झाले. सपाट नागपुरात चढ म्हणावा असा तो एकच, आणि आयोजकांना तो फार आवडतो. तोवर मी, एक सत्तरीचे काका आणि पायात गोळा आलेली एक कॉलेजची मुलगी असे तिघंच एका ओळीत उरलो होतो. एक तास वीस मिनिटं झाली असतील. पुढच्या चौकात दोन पोरं बॅरिकेड उचलून ट्रकमध्ये टाकत होती. पाण्याच्या टेबलावर टेबलाचं कापड तेवढं उरलं होतं. एक स्वयंसेवक दुचाकीवरून आला आणि अगदी आपुलकीनं म्हणाला, "काकू, बसा मागं, सोडून देतो. कार्यक्रम संपून राहिला तिकडं."

मी म्हटलं, "अरे, पण पंचवीस मिनिटं आहेत अजून."

तो म्हणाला, "हो नं. पण बक्षीस वाटप झालं."

त्याची चूक नव्हती. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की शर्यत बक्षीस वाटपानं संपत नसते. तेवढ्यात चौकातला सिग्नल सुरू झाला, डावीकडून शहर बस आली, आणि आम्ही तिघं बिब लावलेले तीन पादचारी झालो. काकांनी बिब काढून घडी घालून खिशात ठेवलं. "आता बरं नाही दिसत," म्हणाले. अपमान झाल्यावर माणूस आधी पुरावा लपवतो, हे तेव्हा मला पहिल्यांदा इतकं स्पष्ट दिसलं.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. फौजा सिंग 2011 साली टोरोंटोची मॅरेथॉन शंभराव्या वर्षी पळाले, आठ तासांहून थोडा जास्त वेळ घेऊन. त्यांच्या शेवटच्या काहीशे मीटरांतसुद्धा तिथले कामगार बॅरिकेड आणि फलक काढत होते, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. त्यांच्याकडे जन्माचा दाखला नव्हता म्हणून गिनीजनं विक्रम मानला नाही, तो भाग वेगळा. पुढे काय झालं ते आपल्याला जास्त जवळचं आहे. जुलै 2025 मध्ये जालंधरजवळ, आपल्या ब्यास गावाबाहेर पायी जात असताना एका गाडीनं त्यांना धडक दिली आणि ते गेले. परदेशातल्या मोठमोठ्या शहरांच्या रस्त्यांवर बेचाळीस-बेचाळीस किलोमीटर पळून सुखरूप परतलेला माणूस घराजवळचा रस्ता ओलांडू शकला नाही. शर्यतीचा रस्ता आणि रोजचा रस्ता यांतलं अंतर यापेक्षा स्पष्ट कुणी सांगू शकेल असं मला वाटत नाही.

शेवटच्या माणसाची काळजी घेणं ही नुसती माणुसकीची बाब नाही, वैद्यकीयसुद्धा आहे. पळताना हृदय बंद पडण्याची भीती लोक फार मोठी करून सांगतात. अमेरिकेत 2000 ते 2010 या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन पळालेल्या सुमारे 1 कोटी 9 लाख लोकांचा हिशेब डॉक्टरांनी मांडला होता, त्यात अशा घटना 59 निघाल्या. लाखाला एकसुद्धा नाही. पण झालंच तर हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र किती मिनिटांत पोचतं यावर सगळं ठरतं. दर मिनिटाच्या उशिराला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी उतरते. आता बघा, आपल्याकडे रुग्णवाहिका उभी कुठं असते? मंचाच्या बाजूला, पाहुण्यांच्या गाड्यांच्या रांगेत. आणि बॅरिकेड गुंडाळलं की तीही निघून जाते, तेव्हा रस्त्यावर उरलेले असतात ते सगळ्यात हळू, बहुधा सगळ्यात वयस्क आणि सगळ्यात कमी सराव झालेले.

अंतराची गोष्ट तर माझ्या धंद्याची. त्या दिवशी माझ्या घड्याळानं एकूण 9.4 किलोमीटर दाखवले. माझ्यासोबत शाळेत शिकवणारे एक सर तासाभराच्या आत आले म्हणून इतके खूश होते की मला सांगवेना. आयोजकांना विचारलं तर उत्तर तयार: "घड्याळं चुकतात, मॅडम." चुकतात, खरं आहे. पण कोणत्या बाजूनं? रस्त्याची शर्यत मोजतात ती सगळ्यात जवळच्या वाटेनं, वळणावर आतल्या कडेपासून 30 सेंटिमीटर अंतर ठेवून. आपण पळतो ते गर्दीत, वळणाला बाहेरून, पाण्याच्या टेबलाकडे तिरपे जाऊन. त्यात उपग्रहाकडून येणारी खूण झाडांखाली आणि इमारतींमध्ये इकडंतिकडं उड्या मारते आणि घड्याळ त्या उड्याही जोडत जातं. म्हणून नीट मोजलेल्या दहा किलोमीटरला घड्याळ सहसा दहाच्या वर दाखवतं, 10.1, 10.2. कुणी तशी तक्रार केली तर खुशाल दुर्लक्ष करावं. पण सगळ्यांच्याच घड्याळांत साडेनऊच्या आत आकडा आला तर रस्ता छोटा होता, यात वाद घालण्यासारखं काही नाही.

आणि मोजायला काही मोठा खर्च नाही. जगभर ही मोजणी सायकलनं होते. पुढच्या चाकाच्या आसाला दातेरी चाकांचा एक छोटा मोजक लावतात. अमेरिकेतल्या ॲलन जोन्स यांनी तो 1971 साली बसवला, म्हणून त्याला जोन्स काउंटर म्हणतात. आधी पोलादी टेपनं निदान 300 मीटरचा सरळ पट्टा मोजायचा, त्यावरून सायकल चार वेळा नेऊन चाकाचे किती आकडे पडतात ते पाहायचं, मग शर्यतीचा रस्ता मोजायचा, आणि परत येऊन पुन्हा चार वेळा पट्टा. कारण ऊन वाढलं की टायरमधली हवा फुगते आणि माप बदलतं. वर किलोमीटरमागे एक मीटर मुद्दाम जास्त धरायचा, म्हणजे शर्यत चुकूनही कमी भरू नये. दहा किलोमीटरला दहा मीटर. आमच्यात सहाशे कमी होते. दुकानदारानं किलोला साठ ग्रॅम कमी दिले तर वजनमापवाल्यांकडे तक्रार करता येते. शर्यतवाल्याची कुठं करायची?

कुणी म्हणेल, हौशी माणसांची शर्यत, पाच-सहाशे मीटरनं कुणाचं काय बिघडतं. माझं काही बिघडलं नाही. ज्यांचं बिघडतं त्यांच्याकडे येते. त्याआधी एका नेहमीच्या आक्षेपाचं उत्तर देणं भाग आहे, कारण तो आक्षेप घेणाऱ्यांत माझे मिस्टरसुद्धा आहेत.

आक्षेप असा की, मूठभर लोकांच्या हौसेसाठी रस्ते का अडवायचे? रविवारी सकाळी कुणाला रेल्वे गाठायची असते, कुणाला मेडिकलला पोचायचं असतं, भाजीवाल्यांचा माल यायचा असतो. आक्षेप खोटा नाही. शर्यतीच्या दिवशी माणूस वळसा घालून घालून वैतागतो, आणि वळसा कुठून घ्यायचा याचा फलक त्याला अडकल्यावरच दिसतो. पण रस्ता अडणं हेच जर दुखणं असेल तर ते बाकीच्या दिवशी का दुखत नाही? लग्नाची वरात अर्धा रस्ता खाते. सभेचा मांडव आठ-आठ दिवस उभा असतो. आणि रोज रात्री शहरातल्या प्रत्येक रस्त्याचा एक-एक पट्टा उभ्या गाड्या फुकटात अडवून बसतात, त्याला कोंडी न म्हणता पार्किंग म्हणायचं. माणूस पायी निघाला की मात्र शहराला लगेच उशीर व्हायला लागतो.

तसं पाहिलं तर पायी माणसांसाठी थांबणं या शहराला ठाऊक आहे. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते तेव्हा महालापासून इतवारीपर्यंत वाहन नावाची गोष्ट कुणाला आठवत नाही. आणि अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीकडे जाणारे रस्ते बघा. 14 ऑक्टोबर 1956 नंतर दरवर्षी लाखो माणसं अजनीहून, मुख्य स्थानकावरून, बसस्थानकावरून पायी चालत येतात. म्हाताऱ्या बाया, कडेवर लेकरं, डोक्यावर बोचकं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी, जेवण, औषधं वाटणारे लोक उभे असतात. मी लहानपणापासून पाहते आहे, रात्री उशिरा शेवटची माणसं परतत असतात तेव्हाही कुणी तरी ताट पुढं करणारं असतं. कुणाच्याच छातीवर नंबर नसतो. ती गोष्ट फार मोठी आहे आणि आमच्या रविवारच्या हौसेशी तिची बरोबरी मी करत नाहीये. पण शेवटच्या माणसापर्यंत पाणी कसं पुरवायचं हे नागपूरकरांना परदेशी शर्यतींचे नियम वाचून शिकावं लागू नये. ते आपल्याला येतं. फी घेतली की विसरायला होतं, एवढंच.

फीवरून भरतीची पोरं आठवतात.

ज्या रस्त्यावर मी पळते त्यावर पहाटे पाचला माझ्या आधी दहा-बारा पोरं आणि तीन-चार पोरी हजर असतात. कुणी उमरेडकडून आलेलं, कुणी कळमेश्वरकडून, खोली करून राहतात, दिवसा कुठंतरी काम करतात. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावावं लागतं. मैदानी चाचणीच्या 50 गुणांपैकी 20 या एका धावण्याचे. मैदानांवर कधी प्रदर्शन भरलेलं असतं, कधी सभा, कधी नुसतं कुलूप. म्हणून पोरं रस्त्यावर. या शहरात खरोखर रोज रस्त्यावर पळणारं कुणी असेल तर ही पोरं. त्यांच्यातला एक जण मला शर्यतीच्या आदल्या आठवड्यात म्हणाला, "मॅडम, हजाराच्या वर फी आहे. तेवढ्यात आमचं महिन्याचं दूध होते."

बक्षिसाच्या आशेनं त्यांतले दोघं-तिघं वर्गणी काढून उतरतात, आणि बहुधा तेच पहिले येतात. मग हौशी लोकांत कुजबुज सुरू होते की हे बक्षिसासाठी गावोगाव फिरणारे, यांना वेगळ्या गटात टाका, खऱ्या नागपूरकरांना संधी मिळत नाही. मला ही कुजबुज किळसवाणी वाटते. बारामतीच्या शर्यतीत नऊवारी नेसून अनवाणी पळणाऱ्या लता करे नवऱ्याच्या उपचारांसाठी पळाल्या, तेव्हा आपण सगळ्यांनी डोळे पुसले. तीच गरज वीस वर्षांच्या पोराला असली की तो बक्षीसखाऊ कसा होतो? आपण आरोग्यासाठी पळतो आणि तो पोटासाठी, यात आपला हेतू जास्त पवित्र आहे असं कुणाला वाटत असेल तर त्यानं एकदा त्या पोरांचे बूट बघावेत.

म्हणून परवानगी देणाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे, आणि त्यात एक पैशाची नवी योजना नाही. पत्रकात छापलेली शेवटची वेळ पोलिसांच्या अधिसूचनेतही असावी, आणि त्या वेळेच्या आत बॅरिकेड उचललं तर आयोजकाची अनामत रक्कम जप्त व्हावी. रस्ता मोजल्याचा कागद परवानगीच्या अर्जाला जोडावा. काही जागा फुकट असाव्यात, भरतीच्या पोरांसाठी आणि महापालिकेच्या शाळांतल्या मुलांसाठी; जो रस्ता सगळ्यांच्या पैशातून झाला त्यावरची शर्यत फक्त फी परवडणाऱ्यांची असू नये. आणि महापालिका जे काही शुल्क घेते ते त्याच रस्त्याच्या फुटपाथवर खर्च व्हावं. कोणत्या? जिथं बाण काढला होता त्याच. पुढच्या वर्षी शर्यत त्या रस्त्यावरून न्यायची असेल तर आधी अधिकाऱ्यांनी आणि आयोजकांनी तो रस्ता सोमवारी सकाळी पायी चालून दाखवावा, फुटपाथवरून, खाली न उतरता.

चालता येणार नाही, हे मला माहीत आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांप्रमाणे फुटपाथवर चालायला निदान 1.8 मीटर मोकळी जागा हवी आणि त्याची उंची 15 सेंटिमीटरच्या वर नको. मी पट्टी घेऊन गेले होते; सवय जात नाही. माझ्या रोजच्या वाटेवर एके ठिकाणी फुटपाथ माझ्या गुडघ्याला लागतो आणि मोकळी जागा दोन वीत आहे. सिमेंटच्या रस्त्यांनी आणखी एक गंमत केली. रस्ता उंच झाला, कड तशीच खाली राहिली. मागून गाडी आली म्हणून पटकन बाजूला पाय टाकायचा तर खाली अर्धा फूट खड्डा. माझा घोटा गेल्या पावसाळ्यात असाच गेला, सहा आठवडे. पन्नास हजार पावलांचं आव्हान घेणाऱ्या लोकांच्या शहरात एक पाऊल बाजूला टाकायची सोय नाही.

सर्वोच्च न्यायालयानं मे 2025 मध्ये स्पष्ट सांगितलं की अडथळा नसलेला फुटपाथ हा पादचाऱ्याचा हक्क घटनेच्या कलम 21 मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कातच येतो. कारणही आकड्यांत आहे. 2022 साली देशात रस्त्यांवर 1 लाख 68 हजारांवर माणसं मेली, त्यातली 32 हजारांहून जास्त पायी चालणारी होती. रस्त्यावर मरणाऱ्या दर पाचांतला जवळजवळ एक. शर्यतीच्या मंचावरून 'चला, धावा, निरोगी राहा' असं सांगणाऱ्या पाहुण्याला हा आकडा कुणी चिठ्ठीवर लिहून दिला पाहिजे. चालत नाहीत म्हणून लोकांना बोल लावण्याआधी चालणाऱ्याचं काय होतं ते बघावं.

माझ्या मनातली खरी मागणी यापुढची आहे, ती बोलून दाखवते. महिन्यातून एका रविवारी तोच रस्ता, तेच तीन तास, शर्यत न ठेवता मोकळा द्या. बिब नको, मंच नको, झुंबा तर नकोच नको. ज्याला पळायचं तो पळेल, सासूबाईंसारख्या खुर्ची टाकून बसतील, पोरं सायकल शिकतील, तर्री पोह्याचा ठेला आपोआप येईल. असं केलं तर शर्यतींचा धंदा बसेल असं एक आयोजक मला म्हणाले. बसणार नाही. स्पर्धा माणसाला हवी असते, घड्याळ हवं असतं, मेडल हवं असतं. मी स्वतः पुढच्या वर्षीचे पैसे भरणार आहे. फक्त रस्त्यावर निर्धास्त चालणं हे शर्यतीच्या पाकिटात घालून विकता येणार नाही, आणि ते विकायचा कुणाला अधिकारही नाही.

आता त्या मोजणीचं. शर्यतीनंतरच्या त्या आठवड्यात भरतीच्या पोरांनी मला त्यांचं 1600 मीटर दाखवलं. दूध केंद्राच्या खांबापासून 6 किलोमीटरच्या बाणाच्या अलीकडच्या विजेच्या पेटीपर्यंत. "कसं मोजलं रे?" "गाडीच्या मीटरवर नं मॅडम." दुचाकीच्या मीटरवर शेवटचा आकडा शंभर मीटरचा असतो. मी शाळेतून 50 मीटरचा टेप आणला, माझ्या मुलीची जुनी सायकल घेतली, आरीत प्लास्टिकची पट्टी अडकवली, म्हणजे चाकाच्या दर फेऱ्याला एक 'टक'. दोन पोरी दोन्ही बाजूंनी पळत मोठ्यानं मोजत होत्या. एकीचा आकडा एकानं चुकला म्हणून पुन्हा मोजलं. दोन्ही वेळेला साधारण 1560 मीटर.

कुणी काही बोललं नाही. त्यातला जो सगळ्यात वेगवान, तो त्या अंतरावर 5 मिनिटं 6 सेकंदांत येत होता. पूर्ण 20 गुणांसाठी 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत यावं लागतं. त्यानं मनातल्या मनात हिशेब केला, माझ्याआधी. "चाळीस मीटरचे आठ सेकंद," म्हणाला. "म्हणजे पाच-चौदा." आणि खाली बसून बुटाची नाडी पुन्हा बांधायला लागला.

मग आम्ही सगळ्यांनी मिळून टेपनं पेटीच्या पुढे चाळीस मीटर मोजले आणि चुन्याची फक्की घेऊन रेघ मारायला निघालो. नवी रेघ बरोबर त्या पांढऱ्या गाडीच्या मागच्या चाकाखाली येत होती. समोरच्या फ्लॅटच्या चौकीदाराला विचारलं. तो म्हणाला, साहेब साडेआठला निघतात.